साबणाची वडी

मॅडम,

तुरुंगात तुम्ही आम्हाला समोर बसवून रागावर ताबा ठेवायला शिकवायचात. राग आला की गप्प राहा, समोरच्या माणसापासून लांब जा. मी सगळं घोटून पाठ केलं. सुटून आलो आणि पंचाईत झाली. समोर माणूसच नाही हो! खोलीत मी आणि पंखा. पंख्यावर किती रागावणार?

भाऊ फोन उचलत नाही. मी कारखान्यात फळ्यांना रंधा मारतो. तिथे पाणी प्यायलाही परवानगी मागतो, म्हणून सगळे हसतात. दार दिसलं की अजून थांबतो. आत कुठलंच दार आपण उघडायचं नसतं ना.

काल दुकानात साबणाची वडी गुपचूप खिशात टाकली. घरात साबण आहे. कुणीतरी हात धरेल, नाव विचारेल, एवढंच डोक्यात होतं. मग सवयीने दारापाशी थांबलो. म्हातारा दुकानदार उठून आला. वाटलं, आता धरतो. त्याने दार उघडलं आणि म्हणाला, "सावकाश जा. पुन्हा या."

सुटताना तुम्ही म्हणाला होतात, "आता पुन्हा दिसू नकोस." भाऊही तेच म्हणाला; तुम्ही निदान हसून म्हणालात. पुन्हा या म्हणणारा एकच भेटला, आणि मी नेमकी त्याच्याकडे चोरी केली.

हे पत्र टाकत नाही. टाकलं तर मला परत आत नेतील, आणि मी आनंदाने जाईन, याचीच भीती वाटते. त्यापेक्षा वडी परत द्यायला जातो. ओरडेल, ओरडू दे. निघताना दार उघडायला तो उठेलच.

आत ज्याला सगळे बडबड्या म्हणायचे,
तो