मानेची खूण

सातारा,
दि. ८ जून १९९८

श्री. मौला नदाफ यांस,
केशव सुमंत याचा नमस्कार.

‘प्रिय मौला’ या मायन्याची तुला सवय आहे. आज तो लिहिताना लेखणी अडली, म्हणून वरचा योजला.

माझी प्रकृती वयाच्या मानाने ठीक आहे. उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाल्यापासून वर्तमानपत्र स्वच्छ वाचता येते, आणि त्यातली मराठी स्वच्छ दिसू लागल्यामुळे मनस्ताप वाढला आहे. जरिनाचे गुडघे कसे आहेत? मुजीबची बदली लोणंदला झाल्याचे ऐकले. तिथून सातारा जवळ पडते. त्याला केव्हाही येऊ दे. मुलाचा यात काही दोष नाही.

आता विषयाकडे येतो.

गेल्या गुरुवारी सांगलीहून चारुशीलेचा दूरध्वनी आला. नमस्कार नाही, चौकशी नाही; एकदम म्हणाली, “अण्णा, मौलाकाका टीव्हीवर बोलले ते खरं आहे का हो?” मी विचारले, “काय बोलले?” तर ती गप्प. मुलगी बापाशी बोलताना गप्प होते, तेव्हा तिने अर्धा निवाडा केलेला असतो.

मग एकेक कळत गेले. आपल्या शाळेचा विद्यार्थी मानसिंग, ज्याला नववीत मी दोनदा बसवले, तो आता तिथे केबलचा धंदा करतो आणि दर गुरुवारी सायंकाळी स्वतःच्या वाहिनीवर जुने कार्यक्रम दाखवतो. दूरदर्शनवरच्या ‘अचूक’ या प्रश्नमंजूषेची १९८७ मधली अंतिम फेरी त्याने त्या वेळी, शाळेत असतानाच, घरच्या व्हीसीआरवर उतरवून घेतली होती. ती त्याने लावली, तुला पाहुणा म्हणून बोलावले, आणि तू गेलास. जाण्याला माझा आक्षेप नाही. मला एका ओळीने कळवावेसे तुला वाटले नाही, याला आहे.

‘अचूक’सारखा खेळ आता होत नाही. हल्ली स्पर्धक पडद्यावर उड्या मारतात, टाळ्या पेटीतून वाजतात आणि उत्तर चुकले तरी मोटारगाडी मिळते. आपल्या वेळी एक टेबल, एक घड्याळ, एक घंटा आणि समोर पाण्याचा पेला एवढेच होते. शब्द स्पष्ट उच्चारला नाही तर सूत्रसंचालक पुन्हा म्हणायला लावीत. बक्षीस काय, तर एक भिंतीवरचे घड्याळ आणि करंडक! पण त्या अर्ध्या तासात सांगलीच्या पेठेत चिटपाखरू नसे. गच्चीवर एक जण अँटेना फिरवी, “आलं का?” म्हणून ओरडे आणि खालून सगळी गल्ली “आलं, आलं!” म्हणे. तेवढ्यात पडद्यावर ‘व्यत्यय’ अशी पाटी येई. त्या पाटीकडेही लोक भक्तिभावाने बघत बसत.

त्या खेळाला एकाच संस्थेतली दोन माणसे लागत. शिक्षकखोलीत सर्वांनी विज्ञानाच्या मास्तरांचे नाव पुढे केले होते. मी, शाळेचा मुख्याध्यापक, म्हणालो, “माझा जोडीदार मौला.” शिपायाला नेतात म्हणून कोण किती हसले, ते तुला ठाऊक आहे. ग्रंथालयातले प्रत्येक वर्तमानपत्र तू पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतोस आणि वाचलेले विसरत नाहीस, हे त्या इमारतीत मला एकट्याला माहीत होते. तुला कोट मी शिवून दिला. स्टुडिओच्या दारात तू मागे रेंगाळलास, तेव्हा “पुढे हो” हेही मीच म्हणालो.

आणि त्याच मौलाने साऱ्या सांगलीला काय सांगितले? चारुशीलेने शब्दन्‌शब्द सांगितले, ते तसेच लिहितो: “उत्तर ठावं हुतं की. माझा बा हरिपुरात त्याच पेवांत उतरायचा. पण सरांची मान हलली न्हाई, मग मी घंटी कशी मारू?” यावर लोक हसले म्हणे. मानसिंगने टाळ्याही वाजवल्या.

बावीस वर्षे शाळेची घंटा तू माझ्या मानेच्या खुणेवर दिलीस. तास लांबला तर थांबलास, लवकर उरकला तर वेळेआधी दिलीस. स्वतःच्या मनाने एकदाही टोल दिला नाहीस. तीच शिस्त मी तिथे ठेवली. “बोट घंटेवर असू दे, पण माझी मान हलल्याखेरीज दाबू नकोस,” असे मी तुला बजावले होते, हे मान्य. उतावळेपणाने खेळ हातचा जाऊ नये, एवढाच त्यात हेतू होता. पण गुण बरोबरीत असताना आलेला शेवटचा प्रश्न तुझ्या घरचा होता. हळदीच्या पेवात माणूस उतरण्याआधी आत काय सोडतात? जमिनीखालच्या त्या कोठारात कोंडलेली हवा असते, म्हणून पेटता कंदील सोडून बघतात, हे हरिपूरचे शेंबडे पोरही सांगेल. मला ते ठाऊक नव्हते. माझी नजर घड्याळाकडे होती. दहा सेकंद संपले. नागपूरच्या प्राध्यापकांनी अंदाजाने ‘दिवा’ म्हटले आणि परीक्षकांनी ते ग्राह्य धरले. कंदील तो कंदील आणि दिवा तो दिवा, पण तो वाद आता नको.

परत आल्यावर मी सर्वांना सांगितले की मौला ऐन वेळी थिजला. मला जे दिसले ते मी सांगितले. अकरा वर्षे तू त्याला हरकत घेतली नाहीस. आता मी सांगलीत नाही, तोंडावर उत्तर द्यायला समोर नाही, असे पाहून तू बोललास. याला मराठीत विश्वासघात म्हणतात. अधिक सौम्य शब्द मी शोधला, मिळाला नाही.

चारुशीलेने त्या अंतिम फेरीची कॅसेट मानसिंगकडून घेऊन एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवली आहे. ती मी पाहणार नाही. जे मी जगलो ते पडद्यावर तपासण्याची मला गरज नाही.

माझी मागणी एकच आहे. येत्या २५ तारखेच्या गुरुवारी मानसिंगच्या वाहिनीवर जाऊन तू खुलासा करावास. न केल्यास या पत्रानंतर आपल्यात पत्रव्यवहार राहणार नाही, आणि ईदेला तू साताऱ्याच्या एसटीत बसण्याची तसदी घेऊ नयेस.

कळावे.

के. य. सुमंत
सेवानिवृत्त मुख्याध्यापक

सातारा,
दि. १९ जून १९९८

मौला,

तुझे पत्र मंगळवारी पोचले. त्यात शुद्धलेखनाच्या चुका किती, ते मी मोजले नाही. असे माझ्या हातून पूर्वी कधी घडलेले नाही.

मी भांडणाची तयारी करून बसलो होतो. तू काय लिहिशील आणि त्याला मी काय उत्तर देईन, हे मुद्द्यांसह मांडून ठेवले होते. आणि तू लिहितोस: “सर, आवं येवढं मनाला कशाला लावून घेता? मानसिंगनं इचारलं, तोंडातनं गेलं. तुमी कागदावर लिवून द्या, मी गुरवारी वाचून दाखवतो. येक अक्षर हिकडचं तिकडं करनार न्हाई. जरिना म्हनती, वाचलंसा तर घरात पाय ठेवू नका. पन तिचं काय ऐकायचं?”

तुझ्या पत्राखाली जरिनाने स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिली आहे, ती तुला न दाखवता लिहिली असावी. “सर, पोरं ह्यांना रस्त्यात ‘चाचा, कंदील सोडा’ म्हणायची तवा तुमी हापिसातच हुता.”

होतो. खिडकी उघडी होती. मधल्या सुट्टीची घंटा व्हायची आणि पाठोपाठ ती आरोळी यायची. पोरे रोज ओरडत असत, आणि मी टिपणे तपासत असे. एकदा तर ओरडणाऱ्यांत मानसिंगही होता. त्याला मी बोलावून घेतले, आणि गृहपाठाबद्दल रागावलो.

बुधवारी खुलासा लिहायला बसलो. “मी, मौला नदाफ, असे जाहीर करतो की, सदर प्रश्नाचे उत्तर मला त्या वेळी ठाऊक नव्हते.” वाक्य निर्दोष होते. तीनदा वाचले. आयुष्यभर मी मुलांना सांगितले की शुद्ध वाक्याला खोटे बोलता येत नाही, लगेच कुठेतरी खटकते. हे कुठेही खटकत नव्हते. म्हणून मी कॅसेट उचलली.

शेजारी नाथाजी म्हणून निवृत्त सुभेदार आहेत, त्यांच्याकडे व्हीसीआर आहे. दुपारी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चहा ठेवला आणि खुशीत म्हणाले, “सर, लय तरणेबांड दिसताय की! आन ह्यो कोटवाला कोन, जावई का?” मी म्हटले, “आमच्या शाळेतला.” पुढे ‘शिपाई’ म्हणवेना.

मौला, आपल्या वाट्याची चारही उत्तरे तुझी आहेत. मी हे विसरलो होतो. खरे लिहायचे तर विसरण्यासाठी मी बरेच कष्ट घेतले होते. चौथ्या उत्तरानंतर सूत्रसंचालक हसून म्हणतात, “सर, आज उत्तरं सगळी मौलाभाईंची, तुमची नुसती मान!” प्रेक्षक हसतात. तू खाली बघतोस. मीही हसतो आहे. पण जो माणूस त्या हसण्याच्या आत होता, त्याला ते हसणे ओळखू येते.

मग शेवटचा प्रश्न येतो. घड्याळाची टिकटिक सुरू होते. तू माझ्याकडे पाहतोस. पुन्हा पाहतोस. तुझे बोट घंटेवर आहे, त्याचे टोक पांढरे पडलेले दिसते. तिसऱ्यांदा तू पाहतोस आणि त्याच क्षणी कॅमेरा आपल्या दोघांच्या तोंडाजवळ येतो. नाथाजी खुर्चीत पुढे सरकले. “आवं, ह्यो गडी तुमच्याकडं बघतोय की! तुमीबी त्येच्याकडंच बघताय. मग मान का हलवंना तुमी?”

घड्याळ माझ्या उलट्या बाजूला होते. त्याच्याकडे मी एकदाही पाहिलेले नाही.

मी तुझ्याकडे पाहत होतो. तुला उत्तर येते हे मला तुझ्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होते, कारण तो चेहरा मी बावीस वर्षे पाहिला होता. पाचवे उत्तरही तुझेच होणार, करंडक तुझ्या हातात जाणार आणि गल्लीतला प्रत्येक जण माझ्या मानेविषयी विनोद करणार, एवढे सगळे त्या दहा सेकंदांत माझ्या मनात आले. तुला पुढे हो म्हणणारा मीच होतो. इतका पुढे जाशील हे मी धरले नव्हते.

हे मी लिहिले. आता दुसरेही लिहितो, कारण ते न लिहिता पत्र संपवले तर तोही लबाडपणा होईल.

तू तेव्हाच सगळे ओळखले होतेस. माझी नजर तू वाचली नाहीस, असे मला सांगू नकोस. कॅमेऱ्याला दिसले ते तुला दिसले नाही? तरी त्यानंतर दर ईदेला तू स्टीलच्या डब्यात शिरखुर्मा घेऊन आलास, माझ्यासमोर बसलास, “सर, साखर जास्त तर न्हाई ना झाली?” असे विचारलेस. मी तुझ्या देखत पाहुण्यांना सांगत होतो की हा बिचारा ऐन वेळी थिजला. तू हसत होतास. माझे खोटे तू माझ्या घरात, माझ्या खुर्चीशेजारी बसून राखलेस. मला ते अज्ञान वाटले, मग भोळेपणा वाटला. आता त्याला काय म्हणावे ते समजत नाही. एकदा, फक्त एकदा, “सर, तुम्ही पाहिलं होतं” एवढे म्हणाला असतास तर मी चिडलो असतो, चार महिने बोललो नसतो, आणि माणूस म्हणून उरलो असतो. तुझ्या चांगुलपणाने माझा जो घात केला, तो तुझ्या त्या केबलवरच्या एका वाक्याने केला नाही. त्या वाक्याबद्दलचा माझा आरोप मी मागे घेतो. या दुसऱ्याचा घेत नाही.

आणि आता पुन्हा तेच. “लिवून द्या, वाचतो.” अरे, बायको घराबाहेर काढीन म्हणते, तरी तू माझ्याकडेच पाहतोस!

खुलासा मी पाठवीत नाही. गुरुवारी तू मानसिंगकडे जाऊ नकोस. त्याला मी कळवले आहे की त्या खुर्चीत मी बसणार आहे. तो म्हणाला, “सर, तुमी? काय बोलनार?” मी म्हणालो, “चार वाक्ये. मध्ये हसू नकोस.” बुधवारच्या एसटीने चारुशीलेकडे येतो. तिला आधी सांगीन. बाहेरच्यांच्या आधी तिने माझ्या तोंडून ऐकावे.

तू घरी दूरदर्शन संच लावलास तर ते तुझ्या मर्जीवर. तिथे मात्र येऊ नकोस. समोर असलास तर मी तुझ्याकडे पाहीन, तू समजुतीने मान हलवशील, आणि मी सुटेन. मला तसे सुटायचे नाही.

जरिनाला सांग, तिच्या ओळीचे उत्तर या पत्रात आहे. तिला वाचून दाखव. एकही शब्द गाळू नकोस. ईदेचे तुम्ही दोघे मिळून ठरवा. मी वाट पाहीन असे लिहिण्याचा अधिकार मला नाही, आणि पाहणार नाही असे लिहिले तर ते खरे नाही.

तुझ्या मौनावर अकरा वर्षे जगलेला,
केशव सुमंत