बिल्ल्याचा नंबर

आप्पा,

फोन आला, साडेआठ हजारांचा. कव्हर दीडशेचं, ते कॅम्प तीनच्या बाजारात घासाघीस करून शंभरात. वर काचेला पन्नास, रिचार्ज वेगळा. सगळं वहीत लिहिलंय. तुम्ही गेलात तेव्हा अख्ख्या चाळीत एक फोन होता, तोही शेजारणीच्या कपाटात कुलपात. आता इथं बदलापूरला फोन माझ्या हातात आणि बँक फोनात. "मॅट्रिक झाली, बास झालं पोरीला," म्हणाला होतात ना? विसरले नाही मी.

परवा संध्याकाळी बुद्धवंदना आटोपून उदबत्ती लावत होते, तर फोन वाजला. बँकेतून बोलतोय म्हणाला. "मॅडम, आज खाता बंद हो जाएगा. मेसेज में जो नंबर आया है, जल्दी बताइए." सहा आकडे खरंच येऊन पडले होते. सांगायला तोंड उघडलंसुद्धा, खोटं कशाला सांगू. पण त्याचं ते 'जल्दी' ऐकलं आणि आपलं अंबरनाथचं घर डोळ्यांपुढे आलं. तुमच्या कंपनीचा माणूस कागद घेऊन दारात उभा आहे, घड्याळ बघतोय, सगळ्यांनी अंगठे दिले म्हणतोय. तुम्हाला अक्षर येत नाही, म्हणून सातवीतली मी वाचतेय. त्याच्या घाईला भिऊन मी दोन ओळी गाळते, आणि तुम्ही माझं मनगट धरता. "बोट तीन ओळी चाललं, तोंड एकच ओळ. घाई त्याची, अंगठा आपला. पहिल्यापासून वाच." तो माणूस कागद घेऊन तसाच परत गेला.

मीही तेच केलं. "भाऊ, बँकेतला असशील तर माझ्याकडचा नंबर तुला कशाला लागतो? उद्या पासबुक घेऊन शाखेत येते, तिथं भेट." शिवी देऊन ठेवला मेल्याने.

मुलाला सांगितलं, तर शाबासकी राहिली बाजूला. "आई, फोन माझ्याकडे दे. तुला नाही जमायचं. पिन काय ठेवलास?" मी फोन पदराखाली घेतला. पण नजर गेलीच भिंतीकडे, आणि त्यानं ती पकडली. तुमचा फोटो, शेजारी खिळ्याला कंपनीचा पितळी बिल्ला, त्यावर चार आकडे.

"बोंबला! पिन भिंतीवर टांगलाय, वर हार घातलाय!"

"चुकलं. आत्ता बदलते. पण फोन देणार नाही. मॅट्रिक आहे मी. आणि तूही तिकडे तोंड कर."

बदलला. कुणाची जन्मतारीख नाही, लग्नाची नाही, वहीतसुद्धा लिहिला नाही. खरं सांगते आप्पा, नवा दाबताना दोनदा बोटं तुमच्याच आकड्यांवर गेली. रोज भाजीवाल्याला फोनवरून पैसे देताना तुम्ही भेटायचात, ते मीच बंद केलं.

हे पत्र वहीतच राहणार, पत्ता कुठला घालू? राग आला असेल तर उलट टपाली कळवा. नवा नंबर तेवढा विचारू नका. तुम्हालाही सांगणार नाही.