बटनं होती तशी

१२ फेब्रु. ९८
सैपाकाच्या टायमाले लोकाच्या घरी जाऊ नये, हे याच्या देशात कोणी शिकवत नाही काय? वरण उतू गेलं. रफिक रेडिओवाला एका गोऱ्याले घेऊन आला अन् तो गोरा जोड्यासकट सरळ यांच्या पेटीपाशी.
हॉलंडचा आहे. नाव यान. पंचविशीचं पोरगं. कान्हाले वाघ पाहायले चालला होता, टेपरेकॉर्डर बिघडला म्हणून रफिकच्या दुकानात थांबला. रफिकची जीभ लांब. आमच्या घरी यांच्या ऑर्केस्ट्रातली विलायती पेटी आहे, बिजलीवर वाजणारी, हे सांगून मोकळा. मलाजखंडच्या खाणीवरचा परदेशी इंजिनिअर जाताना देऊन गेला होता ती. हे गेले त्याले चार वर्षं झाली. तेव्हापासून चादरीखाली आहे.
यानने चादर काढली अन् वाजवली नाही. वही काढली. पेटीवरची सारी गोल बटनं वहीत काढली, कोणाचं टोक कोणीकडे. तासभर. म्हटलं, हा काय मोजणीवाला अमीन आहे काय?
रफिकनं त्याले विचारून सांगतलं, "अम्मा, इस मशीन को कुछ याद नहीं रहता. बटन जहाँ खडा, आवाज वहाँ. हिला दिया तो गया. बाबूजी जैसा छोड गये, वैसाच है, बोलता."
चार वर्षं मी चादरीवरूनच फडकं मारत होती. कंटाळ्यानं. मायेनं नाही. पण बटनं हलली नाहीत, हे खरं.

१३ फेब्रु.
रफिकनं फ्यूज बदलला. यानने एक पट्टी दाबली.
हे रोज बसायच्या आधी तोच आवाज काढायचे. राजेगावच्या नाक्याहून ट्रक दूर जाते अन् भोंगा मागं राह्यते, तसा. मी तेव्हा आतून ओरडायची, बंद करा ते रडगाणं.
आजही तोंडात आलं होतं. मी नाही ओरडली. यानने रफिकनं दुरुस्त केलेल्या टेपरेकॉर्डरवर तो टेप करून घेतला. मी भात उतरवला.

१५ फेब्रु.
यान गेला. पेटी विकत मागितली, मी नाही म्हटलं. त्यानं मान हलवली, राग नाही.
जेवताना रफिककडून सारं काढून घेतलं. हा तिकडं अशाच जुन्या पेट्या दुरुस्त करून वाजवते. लोकांनी टाकून दिलेल्या. माय म्हणते नोकरी कर. ऐकायले कोणी येत नाही.
म्हणजे वाजवणाऱ्याले तिकडंही रिकामटेकडाच म्हणतात. सोबत चिवडा बांधून दिला.

२ सप्टें. ९८
यानचं पत्र. हातानं लिहिलेलं, मुंगळे चालल्यासारखं. रफिकनं वाचलं. एका खोलीत वाजवलं, अकरा लोक होते. आमच्या भजनाले याहून जास्त असतात, अन् त्यात दोन बहिऱ्या.
आपल्या पोराचं, विनायकचं पत्र नाही. जबलपूर हॉलंडहून दूर आहे वाटते.

४ नोव्हें. ९९
विनायक अन् सून रेखा दिवाळीले आले. घर भरल्यासारखं झालं, खोटं काहून बोलू.
मी बाजारात गेली होती. आली तर रेखानं बैठक धुवून काढलेली. पेटी ओल्या फडक्यानं पुसलेली. सारी बटनं एका रांगेत, सरळ वर तोंड करून, शाळेतल्या पोरांसारखी. म्हणते, "आई, पाहा बरं आता कशी शोभते."
पोरीचं मन साफ आहे. बटनांले हात लावू नको, हे तिले कोणी सांगतलं होतं? मीच नाही.
म्हटलं, चहा ठेव.

१२ नोव्हें.
ते गेले. पेटी लावली, पट्टी दाबली. नुसतं सूंऽऽ.
एक बटन थोडं फिरवलं. डास. दुसरं फिरवलं. मांजर. हे जवळ नाहीत याचा

(पुढं लिहिलं नाही. डाळ करपली.)

२० नोव्हें.
रोज फिरवून पाह्यते. नाही होत.

६ मार्च २०००
यानचं पार्सल. कॅसेट अन् फोटो. फोटोत मैदानभर माणसं, मधात यान, जुन्या पेट्या भोवताल. रफिक म्हणते, आता लय मोठा झाला, देशोदेशी बोलावतात. बरं झालं. मायची बोलणी थांबली असतील.
दुकानात कॅसेट लावली. दुसऱ्या बाजूले आला, यांच्या पेटीचा तो आवाज. रफिकचा हात थांबला. पण यानने त्यावर ढोल घातलेत. जत्रेत ओळखीचा माणूस पलीकडून जाते अन् हाक पोचत नाही, तसं झालं.
तिकडं हजारोंनी ऐकला. ज्या घरचा आहे तिथं सूंऽऽ.
रफिकले म्हटलं, लिही. त्या वहीतलं पान पाठव म्हणाव. बाकी काही नको.

१९ जून
उत्तर आलं. छापील. यानचा फोटो, खाली सही, तीही छापलेलीच. कोण्या ऑफिसच्या बाईनं लिहिलं, प्रेमाबद्दल आभार, कलाकार दौऱ्यावर आहेत.
मी प्रेम कधी लिहिलं होतं?
रफिक म्हणाला, "बडा आदमी हो गया अम्मा, उसके पास टाइम नहीं."
हौ. विनायकले फोन लावला की रेखा उचलते, "ते मीटिंगमध्ये आहेत, आई." माणूस मोठा झाला की त्याचं तोंड दुसऱ्याजवळ राह्यते.

३ जुलै
आज पुन्हा पत्र. रफिक म्हणे गोड लिहू. म्हटलं, गोड नाही, मी सांगते तेच.
यान, ढोल घातलेस, घाल. नाव झालं, होऊ दे. पण बटनं जशी होती तशी फक्त तुह्या वहीत आहेत. मले तुही भाषा वाचता नाही आली तरी चित्र पाहून लावता येते. मी सत्तरीची आहे, दौरा संपायची वाट पाहत नाही.
पान तूच पाठवायचं. उत्तर तूच द्यायचं, ज्या हातानं वहीत बटनं काढली त्याच हातानं. ऑफिसच्या बाईनं मधात बोलायचं नाही.