संत योसेफाचं पान

बफेलो,
१२ डिसेंबर १९३३

ती. कालोजेराताईस,
रोझोलिनोचा सा. न. वि. वि.

दारूबंदी उठली आणि तुझा भाऊ बेकार झाला! ज्या बाटल्या मी कॅनडातून होडीने चोरून आणायचो, त्या आता कोपऱ्यावरच्या दुकानात राजरोस मिळतात. तू म्हणशील, बरं झालं. मलाही तेच वाटलं होतं गं. पण आमचा म्होरक्या नुन्झिओ म्हणतो, टोळी पोसायची तर बेकरीवाल्यांकडून हप्ता घ्यायचा; न देणाऱ्याचं दुकान पेटवायचं. दारू आणायचो तेव्हा लोक पाठ थोपटायचे, आता मला बघून रस्ता बदलतात. सुटावंसं वाटतं, पण यातून सुटलेला माणूस मी पाहिलेला नाही.

दाजींना नमस्कार. माया आहे तशीच राहू दे.
तुझा रोझोलिनो

रोचेस्टर,
२० डिसेंबर १९३३

चि. रोझोलिनोस, अ. आ.

तुझे दाजी म्हणतात, वल्ही मारलेले हात कणीक तिंबायला झकास, आमच्या बेकरीत ये. तू पहाटे उठशील यावर माझा काडीचा विश्वास नाही, तरी ये. अरे, ज्या बेकरीवाल्याला तू दम देशील, तोही तुझ्या लिबोरिओ दाजींसारखा कुणाचा तरी नवराच ना? आई असती तर कान उपटले असते तुझे. मला रात्ररात्र झोप नाही.

जिवाला जप.
तुझी ताई

बफेलो,
९ मार्च १९३४

ती. ताईस, सा. न. वि. वि.

घाईत लिहितो. नुन्झिओची नजर आता दाजींच्या बेकरीवर आहे. मला म्हणाला, तूच जाऊन बहिणीला समजाव. मी साफ नाही म्हटलं. तर तो स्वतः संत योसेफाच्या सणाला येतोय, त्या दिवशी गल्ला भरलेला असतो म्हणून. ताई, तुझ्या पाया पडतो, दार उघडू नकोस.

रोझोलिनो

रोचेस्टर,
२१ मार्च १९३४

चि. रोझोलिनोस, अ. आ.

योसेफाच्या दिवशी दार लावून बसू? त्या दिवशी जो दार ठोठावेल त्याला जेवू घालायचं, हे विसरलास होय रे?

आमच्या गल्लीत दरवर्षी सणाच्या जेवणाला संत योसेफाचं रूप घेऊन बसणारे आजोबा खोकल्याने अंथरुणाला खिळले होते. सगळे ताटकळले होते, आणि दार ठोठावलं ते नुन्झिओने. खरं सांगते, भीतीने मला दुसरं काही सुचलंच नाही. त्याच्या हाती काठी दिली, खांद्यावर शाल टाकली आणि मानाच्या पानावर बसवलं. रीतीप्रमाणे सगळ्यांनी त्याच्या हाताचं चुंबन घेतलं, तुझ्या दाजींनीसुद्धा. योसेफ पहिला घास घेईपर्यंत कुणी जेवत नाही. पण त्याला घास गिळवेना, डोळे भरून आले होते. हप्त्याचं नावही काढलं नाही त्याने. जाताना म्हणाला, ज्या घरी योसेफ होऊन जेवलो, त्या घराला माझा माणूस हात लावणार नाही. मला त्याची कीव आली रे.

आता तरी ये.
तुझी ताई

बफेलो,
३ एप्रिल १९३४

ती. ताईस, सा. न. वि. वि.

नुन्झिओ गेला. रोचेस्टरहून रिकाम्या हाताने परतला म्हणून टोळीचे वरचे लोक बिथरले. न्हाव्याच्या दुकानाबाहेर त्याला गोळ्या घातल्या. आदल्या दिवशीच मला म्हणाला होता, होडी वीक आणि बहिणीकडे जा.

मयताला चिटपाखरू आलं नाही. जे त्याची दारू प्यायले, त्यांनी खिडक्या लावून घेतल्या. त्याची म्हातारी आई एकटीच शवपेटीपाशी बसून होती. मला कॉफी करून दिली. टोळीही पांगली, आता मला अडवणारं कोणी नाही, पण तिला टाकून निघवत नाही. काय करू?

तुझा रोझोलिनो

रोचेस्टर,
६ एप्रिल १९३४

चि. रोझोलिनोस, अ. आ.

काय करू म्हणून विचारतोस? तिला घेऊन ये. तुझे दाजी आधी तडकले. आपलं दुकान जाळायला निघालेल्याची आई आपल्याच घरात ठेवायची का, म्हणाले. थोड्या वेळाने बघते तर स्वारी भट्टीलगतच्या खोलीतली पिठाची पोती स्वतः बाहेर काढत होती, म्हातारीला ऊब लागेल म्हणून. शेजारी विचारतील, ही कोण? त्याचंही उत्तर त्यांनी ठरवून ठेवलंय: सणाला आमच्याकडे जेवून गेला, त्याची आई.

उलट टपाली पत्र नको, तुम्ही दोघं या.
तुझी ताई