काचेबाहेरची फि.

६ एप्रिल
एव्हरशाईनच्या फ्लॅटवरून नात जेनी आली. फि.चा (माझ्या फिलोमेनाचा) फोटो घरच्या शाईच्या मशीनवर छापून आणला. विहिरीपाशी, लाल लुगड्यात, हसताना. फि. हसतेय असा हा एकच. माणिकपूरच्या स्टुडिओतला लग्नाचा आहे, पण त्यात फोटोवाल्याने दटावलेलं, हलू नका.
मी विचारलं, किती टिकेल?
"आजोबा, तुमच्यापेक्षा जास्त!"
कार्टी.

९ एप्रिल
काचेच्या चौकटीत घालून घरातल्या आल्तारापाशी, क्रुसाखाली, लग्नाच्या फोटोशेजारी लावला. सकाळी ऊन येतं, म्हणून आतल्या खोलीत नेला. तिथे भिंत ओली. परत बाहेर.
थोरला पीटर म्हणाला, "आईला घरभर फिरवताय? जिवंतपणी चर्चपलीकडे कुठे नेलीत?"
 खरंच आहे.

१४ एप्रिल
उद्या फादर घर आशीर्वादित करायला येणार. काचेवर पडलेलं पवित्र पाणी फि.पर्यंत पोचणार कसं? दोन्ही फोटोंच्या काचा काढल्या. पीटरला सांगितलं नाही.

१५ एप्रिल
फादरनी शिंपडलं. दोन थेंब तिच्यावर बरोबर पडले. बरं वाटलं.
फादरचा चहा होईतो लुगड्याचा लाल रंग खाली ओघळला. रुमालाने टिपला तर डावा गालच गेला. लग्नाच्या फोटोवरही तेवढंच पाणी, त्याला काही नाही.
मीच केलं. जेवण गेलं नाही.
जेनी फोनवर, "रडता कशाला? पाच मिनिटांत दुसरा काढते."
पाच मिनिटांत! स्टुडिओत आम्ही अर्धा दिवस बसलो होतो.

१९ एप्रिल
जेनीने नवा आणला. हुबेहूब. गाल आहे, हसू आहे. काचेत घालून लावला.
"जुना द्या, टाकते."
ओरडलो तिच्यावर. पवित्र पाणी पडलेली वस्तू कचऱ्यात टाकत नाहीत. जाळतात, नाहीतर पुरतात.
"मग पुरू या."
फि.ला एकदा पुरली. पुन्हा नाही.
 मग पोरीने स्वतःच तो माझ्या प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवला.

२६ एप्रिल
चर्चमध्ये मिस्सा चालू असताना पुस्तक उघडलं. समोरच्या पानावर लाल उमटलंय. ओठ टेकणार होतो, भीती वाटली. आहे तेवढाही जाईल.
घरी येऊन नव्यापाशी उभा राहिलो. सुंदर आहे. पण हिला आशीर्वाद नाही.
पुढल्या वर्षी फादर येतील. काच काढू की राहू दे? फि. असती तर म्हणाली असती, आधी जेवा.
जेवतो.