कुत्र्यांच्या भाकऱ्या

आजी, तुझ्या शाळेतून फोन आला होता. स्मरणिका काढतायत. पलीकडचा माणूस तुझा विद्यार्थी, आता बिल्डर आहे. म्हणाला, "ताई, आपल्या बाईंवर दोन पानं पायजेत. मुक्या जनावरांवर कसा जीव होता, ते जरा रंगवून लिवा. तुमी पेपरात लोकांच्या टोप्या उडवता, तसलं नको." मी हो म्हणाले आणि लिहायला बसले, तर हे असं निघतंय.

जीव होता, यात शंका नाही. पावणे गावाच्या बाजूला जमिनी गेल्या, कारखाने आले, नांगराची कामं संपली. लोकांनी म्हातारे बैल रस्त्यावर सोडले आणि तू ते आणून आपल्या परसात बांधलेस. लुळी-पांगळी कुत्री तर कायमचीच. गाव म्हणायचं, बाई म्हणजे देवमाणूस. देवमाणसाच्या घरी शेण कोण काढतं, हे गावाने कधी विचारलं नाही. आई काढायची. कुत्र्यांसाठी वेगळ्या जाड भाकऱ्याही तीच थापायची, आपल्या झाल्यावर, त्याच तव्यावर. संध्याकाळी तू टोपली घेऊन बाहेर जायचीस आणि कुत्री तुझ्या पायांत लोळायची. भाकऱ्या आईच्या, शेपट्या तुझ्यासाठी.

गावातल्या बायकांना तू दुपारी ओटीवर लिहायला शिकवायचीस. एकदा आई चहा घेऊन येते आणि फळ्यापाशी रेंगाळते. पाटीवर नाव गिरवणारी एक म्हातारी म्हणते, "बाय, तुमचे सुनेला पन बसवा की. केवाची उभी हाय." तू हसून म्हणतेस, "तिला येतं सगळं. आणि ती बसली तर माझ्या लेकरांना भाकरी कोण करणार?" लेकरं म्हणजे कुत्री. सगळ्या हसतात. आईसुद्धा हसते, कप गोळा करता करता. ती सातवी झालेली. तिला बाहेरून दहावीला बसायचं होतं, मग बालवाडीत का होईना, शिकवायचं होतं. हे मला माहीत होतं, बाबांना माहीत होतं, बहुधा बैलांनाही माहीत असावं.

एका रविवारी तू अंगणात एका कुत्रीच्या कानातले किडे काढत होतीस. आई हळदीची वाटी घेऊन आली. म्हणाली, "आई, यंदा दहावीला बसू का? गणित तेवढं तुम्ही सांगा, बाकीचं मी करेन." तू मान वर केली नाहीस. "आधी हिला नीट धर." आईने धरलं. किडे निघाले, हळद भरून झाली, कुत्री अंग झटकून पळाली. तू हात धुतलेस आणि वह्या तपासायला आत गेलीस. आई पायरीशी थांबून राहिली, तू काहीतरी बोलशील म्हणून. मी बाजूला पाढे म्हणत होते. थांबले असते तर ओरडली असतीस.

पुढे आपण वाशीला फ्लॅटमध्ये आलो. तिसऱ्या मजल्यावर बैल चढत नाहीत, म्हणून मांजरं आली. सोसायटीच्या सेक्रेटरीने कुरकुर केली, तेव्हा तू त्याला वर्गात उभं करावं तसं दारात उभं केलंस. "मुक्या जिवाला काय हवंय ते डोळ्यांत बघितलं की कळतं, समजलं?" तो बिचारा "हो बाई" म्हणून गेला. आई मागेच उभी होती. ती मुकी नव्हती, हीच तिची चूक झाली असावी. माझ्या दहावीच्या वर्षी ती माझं गणिताचं पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात बसलेली तुला दिसली. तू म्हणालीस, "अगं, दे तिला ते. अभ्यास करू दे पोरीला." तिने पीठ झटकून पुस्तक दिलं. परत हातात घेतलं नाही.

आता आई माझ्याकडे असते, खारघरला. मघाशी तिने विचारलं, "काय लिहितेस एवढं?" म्हटलं, आजीवर. "चांगलं लिही हो. तरुणपणी कपाळाचं कुंकू पुसलं गेलं, तरी एकटीने तुझ्या बाबांना वाढवलं. फार सोसलं त्यांनी."

हे स्मरणिकेला जाणार नाही. तुला तर कुठून जाणार? एवढंच सांगते, की हा राग आईचा म्हणून मी इतकी वर्षं सांभाळलाय, पण तिला त्याबद्दल कधी विचारलेलं नाही. "कसला राग गं?" असं ती म्हणाली, तर मी काय करायचं, याची मला धास्ती वाटते.