तिसरा आवाज

५ इस्फंदार १३४७ फसली, परभणी

मेजाचा खरा हिशेब आज मांडला. पूर्ण्याचा रेल्वेचा गोरा साहेब विलायतेला निघाला, त्याचं बिलियर्डचं मेज मी घेतलं. तेव्हापासून जो येतो तो विचारतो, केवढ्याला पडलं, मन्मथप्पा? तर दोन गाड्या, तीन दिवस, वाटेत मोडलेला एक आख, पाठीत कायमची एक कळ आणि सौ.चा अठरा दिवसांचा अबोला. पैशाला स्वस्त पडलं.

परवाना अजून नाही. सोड्याच्या कारखान्याचा आहे, पण खेळाच्या खोलीला वेगळा लागतो म्हणे. अर्ज नायब तहसीलदारसाहेबांच्या टेबलावर. महिनाअखेरपर्यंत तोंडी मुभा. कागद नाही आला तर खोलीला कुलूप. ना.सा. दर जुम्म्याला इथंच खेळतात, परवान्याचं अक्षर काढत नाहीत. मीही काढत नाही.

९ इस्फंदार

बापूराव वकील येऊन गेले. येत्या जुम्म्याला त्यांचा आणि ना.सा.चा सामना. हरेल त्यानं झरीच्या मळ्यात सगळ्यांना हुरडा खाऊ घालायचा. पंच मी.

एक सरकीवाला शेठ बसला होता. विचारतो, जवळच्या मारात तुम्ही डोळे का मिटता? सांगितलं. पूर्ण्याला गोऱ्यांच्या क्लबात मी मार्कर होतो, गुण मांडणारा. साहेब काठी लावायला लागला की मार्करनं भिंतीकडं तोंड करायचं, असा तिथला दस्तूर. सहा वर्षं भिंतीशी उभा राहून खेळ ऐकला. काठीचं चामडं गोळ्याला लागलं की बोथट आवाज. गोळ्यावर गोळा टणक. बोथट, टणक : मार खरा. मागून पुन्हा बोथट आलं, तर काठी दोनदा लागली : फाऊल. गोळे चिकटल्यासारखे असले की डोळ्याला हे दिसत नाही.

शेठ म्हणाला, कान कधी चुकला नाही का? म्हटलं, डोळा लाच खातो, कान खात नाही. आजवर एकदाही चुकला नाही. सगळे हसले, पण मान्य करून हसले.

१२ इस्फंदार, जुम्मा

झालं ते झालं. लिहून टाकतो.

खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. खिडकीतूनही डोकी. शेवटी एकच लाल गोळा उरला, जो पाडील तो जिंकणार. लाल भोकाच्या तोंडाशी, त्याच्या मागं पांढरा, मधी ज्वारीचा दाणा मावेल न मावेल एवढी फट. पाळी ना.सा.ची.

रिवाजाप्रमाणं पंखा थांबवला. कुणी खोकत नाही. मी डोळे मिटले.

बोथट. टणक. आणि लगेच तिसरा.

लाल पडल्याचा आवाज त्याच्याही नंतर आला. ‘वाहवा’ सुरू झाली होती. डोळे उघडले तर ना.सा. काठीला खडू लावत माझ्याकडं बघत होते, चेहरा हसरा.

‘क्या सुने, अप्पा?’

एका बाजूला कुलूप, दुसऱ्या बाजूला कान. म्हटलं, ‘साहेब, फाऊल. काठी दोनदा लागली.’

ना.सा.नी काठी भिंतीला हळूच टेकवली. ‘तुम सुने तो ठीक है.’ बस, एवढंच. लाल पुन्हा जागेवर मांडला, वकिलांनी पाडला. ना.सा. टोपी घालून गेले. सोड्याची भरलेली बाटली तशीच.

१३ इस्फंदार

सकाळपासून दुकानात माणसं. भले शाबास अप्पा, हाकिमाला तोंडावर फाऊल दिला. मीही ऐकवलं : परवाना पणाला लावून खरं बोललो, अख्ख्या जिल्ह्यात दुसरा दाखवा.

सौ. भाकरी थापता थापता म्हणाली, ‘खरं बोललात ते बरं केलंत. पर दहा जणांला सांगत कशाला बसलाव?’

कचेरीतून काही नाही.

१५ इस्फंदार

वकील एकटेच आले. हुरड्याचं बोलले, मग घुटमळले. जाताना म्हणाले, ‘अप्पा, जिंकलो मी, म्हणून मी बोलू नये. पण पांढरा पळाला नव्हता. जागच्या जागी राहिला.’

काठी दोनदा लागली असती तर पांढरा लालच्या मागं धावला असता. हे मला कळत नाही का? मी बघितलंच नव्हतं. डोळे मिटलेले.

मग त्या दिवशी का नाही बोललात, विचारलं. म्हणाले, ‘तुम्ही इतके ठाम होतात.’

१६ इस्फंदार

सकाळी काठ्या पुसायला घेतल्या. ना.सा.ची काठी ठरलेली, तीन नंबरची. टोकापासून वीतभर मागं, खालच्या अंगाला, बारीक खाचा. एक नाही, दहा-बारा. बोटानं चाचपल्या. मग आठवलं. काठी टेकवतात त्या डाव्या हातात त्यांची चांदीची जाड अंगठी, अकीकाचा खडा बसवलेली. जवळच्या मारात काठी मागनं उचलून ते झटका देऊन थांबवतात. थांबताना काठी अंगठीवर आपटत असणार.

खोली उघडायची होती, कुणी नव्हतं. सौ.ला बोलावलं. तिची चांदीची अंगठी मागून डाव्या करंगळीत कशीबशी चढवली. तिला भिंतीकडं तोंड करायला सांगितलं.

‘हे काय नवीन?’

‘नुसतं ऐक. किती आवाज येतात सांग.’

गोळे तसेच मांडले, तसाच मार मारला.

‘तीन,’ ती म्हणाली. ‘शेवटला चांदीचा.’

‘चांदीचा कशावरून?’

‘माझीच अंगठी हाय, मला कळना व्हय?’

आणखी चार वेळा मारला. चारही वेळा तिनं तेच सांगितलं. मला चारही वेळा बोथटच वाटला.

१८ इस्फंदार

झोप नीट नाही. गाल्फाडं दुखतंय, दात आवळतो वाटतं.

ना.सा.ना सांगायला पाहिजे. पण कसं? महिनाअखेर तोंडावर. आज जाऊन म्हटलं की साहेब, तुमचा मार खरा होता, माझा कान चुकला, तर कचेरीतला चपराशीसुद्धा म्हणेल, अप्पा परवान्यासाठी वाकला. नाही सांगितलं, तर खोटा फाऊल देऊन शाबासकी खातोय.

आणि त्यांना ठाऊक असणार. अंगठी त्यांच्याच बोटात. तरी ‘तुम सुने तो ठीक है’ म्हणाले. हे मला जास्त लागतंय.

सौ.ला विचारलं. म्हणाली, ‘आधी परवाना घेऊन या. मग सांगा. मग कोण काय म्हणंल?’

आणि परवाना नाहीच मिळाला तर? ती पीठ चाळायला लागली.

१९ इस्फंदार, जुम्मा

ना.सा. आले नाहीत. तीन नंबरची काठी कुणी उचलली नाही. दोघा-तिघांनी जवळच्या माराला माझ्याकडं बघितलं. मी डोळे उघडे ठेवले. सरकीवाला शेठ म्हणाला, ‘अप्पा, आज मिटत न्हाईत?’ म्हटलं, डोळ्यात कचरा गेलाय.

२१ इस्फंदार

शेवटी कचेरीत गेलो. आधी सांगायचं, मग परवान्याचं विचारायचं, असं ठरवून. पायरीवर दोनदा पाठ केलं.

ना.सा. नाहीत. चारठाण्याच्या बाजूला दौऱ्यावर, पुढच्या जुम्म्याला परततील. पाठ केलेलं तोंडातच राहिलं.

पेशकारानं मला बघून गठ्ठा उपसला. ‘बरं झालं आलाव. तुमचा कागद कवाचा पडून हाय. निरोप्या धाडायचा राहून गेला.’

परवाना. मोहोर, खाली ना.सा.ची सही. माझं उर्दू अडखळतं, पण आकडे वाचता येतात. दारात उजेडात धरून दोनदा वाचले.

तारीख ११ इस्फंदार. सामन्याच्या आदल्या दिवशीची.